शनवार तेल्यांचा करार



वढू बुद्रुक या गावात स्मृति-व्याख्यानासाठी उभ्या राहणाऱ्या वक्त्याला विषय निवडण्याची मोकळीक असली, तरी आपला विषय या भूमीपुढे मांडण्याच्या योग्यतेचा आहे की नाही, एवढा विचार त्याला अगोदर करावाच लागतो. मार्च १६८९ मध्ये औरंगजेब बादशहाच्या हुकुमाने छत्रपती संभाजी महाराज आणि त्यांचे सुहृद कवी कलश यांचा भीमाकाठच्या या प्रदेशात अनन्वित छळ करून वध झाला. त्याच वर्षी रायगड शत्रूच्या हाती पडला. आणि तरीही या परिसरातील माणसांनी बादशाही दहशतीला न जुमानता आपल्या राजाचे अंत्यसंस्कार केले, असे परंपरा सांगते. फाल्गुन वद्य अमावास्येला या समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्या प्रत्येकाच्या मनात, स्पष्टपणे वा अस्पष्टपणे, एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नसेल. राजा नाही, राजधानी नाही, दफ्तर आणि खजिना परक्याच्या ताब्यात, अशा अवस्थेत एखादा समाज ‘आम्ही अमुक आहोत’ हे कोणत्या आधारावर म्हणत राहतो?

मराठ्यांना ही परीक्षा काही दशके द्यावी लागली. यहुदी लोकांना ती दोन-अडीच हजार वर्षे द्यावी लागली, आणि तिचा एक दीर्घ अध्याय आपल्याच कोकणात, आपल्याच भाषेत लिहिला गेला. म्हणून आज मी प्राचीन यहुदी इतिहासातील श्रद्धा, करार आणि अस्मिता या विषयाकडे जेरुसलेमच्या वेशीतून प्रवेश न करता अलिबागच्या बंदरातून प्रवेश करणार आहे.

अलिबागच्या उत्तरेस, समुद्राला लागून नवगाव नावाचे खेडे आहे. फार पूर्वी एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, वाहून आलेली प्रेते त्यांनी नवगावी पुरली आणि ते तेथेच राहिले, अशी बेने इस्राएल म्हणवणाऱ्या या कोकणी यहुदी लोकांची आपल्या उत्पत्तीविषयीची कथा आहे. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. पोटासाठी त्यांनी तेलाचा घाणा धरला. पुढे वंशविस्तार होऊन ते तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड, जिल्ह्यातील गावोगाव पसरले आणि ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून घेतले: रोहेकर, पेणकर, किहीमकर, अष्टमकर, झिराडकर, चेऊलकर, नवगावकर, दिवेकर. शमुवेलाचा सामाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी झाला, इसहाकाचा इसाजी झाला. स्त्रिया लुगडे नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालत. लग्नात हळद लागे. भाषा मराठी, आणि तीही अस्सल कोकणपट्टीची. पाहुण्याने पाहावे आणि त्यांना शेजारच्या तेल्याहून निराळे ओळखू नये, इतके ते या मातीचे झाले.

उघड दिसणारा फरक एकच होता, आणि तो शेजाऱ्यांच्या ध्यानी आला होता. शुक्रवारी सूर्य मावळतीला लागला की या लोकांच्या घरचा घाणा थांबे. बैलाच्या डोळ्यांवरची झापड काढून त्याला गव्हाणीकडे नेले जाई; उखळातली पेंड काढून घेतली जाई; लाट जिथल्या तिथे उभी राही. शनिवारी, सारे गाव कामात असताना, ती घरे कामाला हात लावीत नसत. आणि गिऱ्हाईक तेलाचे भांडे घेऊन दारात आले, तरी त्याला दुसऱ्या दिवशी येण्यास सांगितले जाई. धर्मशास्त्राची चर्चा न करता, ग्रंथ न उघडता, कोकणच्या शेजाऱ्याने या रिवाजावरून त्यांना नाव दिले: शनवार तेली. आपल्या समाजातली नावे बहुधा धंद्यावरून, गावावरून वा कुळावरून पडतात. एका वाराला केलेल्या विश्रांतीवरून ज्ञातीचे नाव पडल्याचे असे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात दुसरे नाही.

या लोकांजवळ त्या काळी काय शिल्लक होते, याची मोजदाद करता येते. १७३८ साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने आपल्या पत्रात त्यांचा उल्लेख केला आहे: हे लोक स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात, त्यांच्यापाशी बायबल नाही, हिब्रू भाषा त्यांना येत नाही, पण ‘शेमा’ नावाचा जो एकेश्वरवादाचा उद्घोष आहे तेवढा त्यांना ठाऊक आहे, आणि ते मुलांची सुंता करतात. त्याहूनही शेकडो वर्षे मागे, इ. स. १२०० च्या सुमारास, मैमोनिदीज या महापंडिताने फ्रान्समधील धर्मपंडितांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातील यहुदी लोकांविषयी, त्यांना शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि सुंता यांपलीकडे शास्त्रातले काही ठाऊक नाही, अशा आशयाचे विधान केले. ते विधान आपल्या कोकणातल्या लोकांविषयीच होते, असा माझा आग्रह नाही. परंतु दोन्ही साक्षी एकाच वस्तुस्थितीकडे बोट दाखवतात. ग्रंथ गेला, भाषा गेली, पुरोहित गेला, मंदिर तर कधीच गेले होते. राहिले ते सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि एका वाक्याचा उद्घोष. पंडिताच्या दृष्टीने ही दरिद्री शिदोरी होय. माझे म्हणणे आज नेमके याच्या उलट आहे. नौका फुटल्यावर हाती लागलेले ते भग्नावशेष नव्हते. अडीच सहस्र वर्षांपूर्वी बाबिलोनच्या बंदिवासात त्यांच्या पूर्वजांनी जो करार समजून उमजून प्रवासाला योग्य करून घेतला होता, त्याची ती मूळ कलमेच होती. हे पटवून देण्यासाठी मला आता आपल्याला कोकणातून बाहेर न्यावे लागेल.

प्राचीन पश्चिम आशियात राजा आणि मांडलिक यांच्यामध्ये करार लिहिण्याची एक ठरीव पद्धत होती. आशिया मायनरमधील बोगाझकोय येथे सापडलेल्या हित्ती दफ्तरात इसवी सनापूर्वी चौदाव्या-तेराव्या शतकांतील असे अनेक करारनामे मिळाले आहेत. प्रथम सम्राटाचे नाव आणि किताब, मग त्याने मांडलिकावर पूर्वी काय काय उपकार केले त्याचा वृत्तांत, मग कलमे, मग हा लेख देवळात ठेवावा आणि ठराविक काळाने जाहीरपणे वाचावा अशी ताकीद, मग साक्षीला बोलावलेल्या देवता, आणि शेवटी पाळणाऱ्याला आशीर्वाद व मोडणाऱ्याला शाप. उजाड पडलेल्या गावी रयतेने परत येऊन वसाहत करावी म्हणून आपल्याकडे सरकारातून जो कौल दिला जाई, त्यातही सरकारचे अभय आणि रयतेची कबुलायत अशा दोन बाजू असत. त्याचेच हे साम्राज्याच्या पातळीवरचे रूप समजावे. १९५४ मध्ये जॉर्ज मेंडेनहॉल या अमेरिकन विद्वानाने असे दाखवले की, सिनाय पर्वतावरील कराराची बायबलमधील मांडणी या हित्ती करारनाम्यांशी विलक्षण जुळते. पुढच्याच वर्षी निमरूद येथे असुर सम्राट एसरहद्दोन याचे इ. स. पूर्व ६७२ चे करारलेख उजेडात आले, आणि त्यांतील शापांचे ‘अनुवाद’ या बायबलातील ग्रंथातील शापांशी इतके साम्य दिसले की, हिब्रू लेखकांना साम्राज्याच्या दफ्तरी भाषेची चांगली ओळख होती, याविषयी फारशी शंका उरली नाही.

येथवर हा केवळ उसन्या साच्याचा प्रश्न आहे. पण त्या साच्यात जे ओतले गेले ते उसने नव्हते. हित्ती करारात एका बाजूला सम्राट आणि दुसऱ्या बाजूला राजा असे. रयतेला त्यात स्थान नसे. इस्राएलच्या करारात सम्राटाच्या जागी ईश्वर आला आणि राजाच्या जागी अखिल लोक आले. अनुवादाच्या ग्रंथात करारासाठी उभे राहिलेल्यांची यादी दिली आहे. तीत प्रमुख आणि वडीलधारे आहेत, स्त्रिया आणि लेकरे आहेत, छावणीत राहणारा उपरा आहे, लाकडे तोडणारा आणि पाणी वाहणारा आहे. आणि जे त्या दिवशी तेथे हजर नाहीत, म्हणजे जे अजून जन्मलेले नाहीत, त्यांनाही त्या करारात पक्षकार धरले आहे. या यादीचे महत्त्व किती सांगावे! ज्या करारावर राजाचा शिक्का आहे, तो राजा मेल्यावर वा पदच्युत झाल्यावर रद्दबातल होतो. ज्या करारात पाणक्या स्वतः पक्षकार आहे, तो मोडायचा तर एकेका पाणक्याकडून मोडून घ्यावा लागेल.

ही गोष्ट प्रत्यक्ष कसोटीला लागली, ती इ. स. पूर्व सहाव्या शतकात. तत्पूर्वी, ७२२ च्या सुमारास, असुरांनी उत्तरेकडील इस्राएलचे राज्य बुडवले आणि तेथील लोक साम्राज्यात असे पांगवले की त्यांचा माग इतिहासाला पुन्हा नीट लागला नाही. दक्षिणेकडील यहुदाचे राज्य आणखी सुमारे एकशे पस्तीस वर्षे टिकले. तेथे योशिया राजाच्या काळी, ६२२ च्या सुमारास, मंदिराच्या दुरुस्तीत एक नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला; राजाने तो ऐकून वस्त्रे फाडली आणि सर्व लोकांसमोर तो वाचून कराराचे नूतनीकरण केले. तो ग्रंथ अनुवादाचाच गाभा असावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. मग ५९७ मध्ये आणि पुन्हा ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने जेरुसलेम घेतले. मंदिर जाळले, तट पाडले, राजाच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारून मग त्याचे डोळे काढले, आणि प्रतिष्ठित कुटुंबे बाबिलोनला नेली. त्या काळच्या सर्वमान्य समजुतीप्रमाणे याचा अर्थ एकच होता: यहुदाचा देव हरला आणि बाबिलोनचा मार्दूक जिंकला. पराभूत देवाच्या भक्तांनी विजेत्याच्या देवाला शरण जावे आणि दोन पिढ्यांत विरून जावे, हाच जगाचा शिरस्ता होता.

ते विरले नाहीत, यामागे कराराची भाषा होती. करार मोडला तर शाप लागेल, हे कलम मूळ लेखातच होते. तेव्हा मंदिर जळणे हा देवाचा पराभव नव्हे, तर करारातील कलमाची अंमलबजावणी होय, असे संदेष्ट्यांनी सांगितले, आणि शाप खरा ठरला त्या अर्थी करार जिवंत आहे असा त्यातून निष्कर्ष काढला. दुःखाचा असा अर्थ लावणे हे निष्ठुर आहे, असे कोणी म्हणेल. मलाही त्यातील कठोरपणा जाणवतो; निरपराध बालकांच्या यातनांचे उत्तर त्यात नाही, आणि ईयोबाच्या ग्रंथात याच लोकांनी तो आक्षेप स्वतः मांडला आहे. परंतु ज्यांच्यापाशी सैन्य नाही, भूमी नाही, त्यांना या एका विचाराने निरर्थकतेपासून वाचवले, हेही तितकेच खरे.

आणि येथेच ती कलमे पुढे आली. बाबिलोनचे लोक सुंता करीत नसत. पूर्वी स्वदेशी, सुंता करणाऱ्या अनेक शेजाऱ्यांमध्ये, जी खूण फारशी वेगळी वाटत नव्हती, ती आता ओळखीची खूण झाली. यज्ञाला मंदिर लागते. विश्रांतीच्या दिवसाला काहीच लागत नाही. स्थळाचे पावित्र्य हरवले तेव्हा काळाचे पावित्र्य वाढले. ताटात काय पडावे आणि काय पडू नये याच्या नियमांनी प्रत्येक चुलीला वेदीची पायरी प्राप्त झाली. म्हणजे करार देहावर, वारावर आणि ताटावर लिहिला गेला, आणि या तिन्हींपैकी एकही वस्तू जप्त करता येण्याजोगी नव्हती. शनवार तेल्यांपाशी जे उरले ते आता आठवावे. तीच तीन कलमे, आणि त्यांच्या शिरोभागी तो उद्घोष.

या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने जेरुसलेमहून धाडलेले एक पत्र आहे, ज्याच्याकडे मी वारंवार वळतो. लवकरच सुटका होईल या आशेवर बसू नका, असे तो त्यांना बजावतो. घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्या नगराचे कल्याण चिंता, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे. शत्रूच्या राजधानीचे कल्याण! देशभक्तीच्या आवेशात हे पत्र देशद्रोहाचे वाटले असेल, आणि यिर्मयाला त्याच्या देशबांधवांनी तसे दूषणही दिले. पण पुढील अडीच हजार वर्षे परमुलखांत जगलेल्या या लोकांचे व्यवहारशास्त्र या एका पत्रात आहे. करार ईश्वराशी, आणि कर्तव्य शेजाऱ्याशी; एकाने दुसऱ्याला बाध येत नाही.

५३९ मध्ये इराणच्या कुरूश सम्राटाने बाबिलोन घेतले आणि बंदिवानांना परतण्याची परवानगी दिली. ५१५ च्या सुमारास दुसरे मंदिर उभे राहिले. त्याचा तपशील मी येथे देत नाही. मात्र पुढच्या शतकातील दोन प्रसंग सोडता येत नाहीत, कारण त्यांचे पडसाद थेट आपल्या काळापर्यंत येतात. पहिला असा की, एज्रा शास्त्र्याने पाणीवेशीजवळच्या चौकात, लाकडी मंचावर उभे राहून, सकाळपासून मध्यान्हापर्यंत नियमशास्त्र वाचले. स्त्रीपुरुष सारे ऐकत होते, आणि लेवीय, म्हणजे मंदिरसेवक कुळातले लोक, गर्दीत फिरून वाचलेल्याचा अर्थ समजावून देत होते. ऐकता ऐकता लोक रडू लागले. धर्मग्रंथ गाभाऱ्यातून चौकात आला तो त्या दिवशी.

दुसरा प्रसंग याच एज्राच्या नावावर आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. परजातीच्या स्त्रियांशी ज्यांनी विवाह केले होते, त्यांनी त्या स्त्रिया, त्यांच्या मुलांसह, घराबाहेर काढाव्यात, असे त्याने फर्मावले. करार टिकवण्यासाठी रक्त शुद्ध राहिले पाहिजे, हा त्यामागील हेतू. पण त्याच बायबलात रूथचाही ग्रंथ आहे. रूथ मवाबी होती, म्हणजे ज्यांना समाजात घेऊ नये असे नियमशास्त्र सांगते त्या कुळातली. ती आपल्या विधवा सासूबरोबर, कोणी बोलावले नसताना, तिचे लोक आणि तिचा देव पत्करून बेथलेहेमला आली, आणि दावीद राजाची पणजी झाली. एज्राच्या मते माणूस करारात जन्मतो. रूथच्या कथेप्रमाणे तो करारात येतो. या दोन मतांचा निवाडा बायबलाने केला नाही, दोन्ही ग्रंथ एकाच संग्रहात ठेवले. माझा कौल रूथकडे आहे, हे मी लपवीत नाही. जे लोक जन्माने आत होते त्यांतील कित्येक उत्तरेच्या राज्याबरोबर नाहीसे झाले. कबुलायत देणाऱ्यांची परंपरा राहिली.

पुढे इ. स. पूर्व १६७ मध्ये अंतियोख राजाने सुंता आणि शब्बाथ यांवरच बंदी घातली. शत्रूलाही मर्म कळले होते, असेच म्हणावे लागेल. मक्काबी बंडाने ती बंदी उधळून लावली, आणि १६४ मध्ये मंदिराची पुनःशुद्धी झाली, तिच्या स्मरणार्थ हनुक्का हा सण आहे. हाईम शमुवेल किहीमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ज्ञातीच्या इतिहासात असा युक्तिवाद केला आहे की, बेने इस्राएलांना हा सण ठाऊक नव्हता, त्या अर्थी त्यांचे पूर्वज अंतियोखाच्या छळाला कंटाळून त्या सणापूर्वीच निघाले असावेत. त्या एका अनुमानावर इतिहासाची इमारत उभारता येत नाही. इतके मात्र स्पष्ट आहे की, इ. स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिर जाळल्यावर, यावने येथे योहानान बेन झक्काई आणि त्याच्या शिष्यांनी मंदिराविना चालणारा जो धर्म घडवला, त्याची पुस्तकी परंपरा कोकणात पोचली नव्हती, आणि घरगुती परंपरा पोचली होती.

आता पुन्हा कोकणात येऊ. ती घरगुती परंपरा मराठी वेषात कशी जगली, हे त्यांच्या सणांच्या नावांतच पाहावे. वर्षारंभाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. प्रायश्चित्ताच्या महान उपवासाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी दारे मिटून घरात राहायचे. आणखी एक ‘खिरीचा सण’ होता. संदेष्टा एलिया हा त्यांचा जिवाभावाचा. अलिबागजवळच्या खंडाळे येथील एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा, आणि त्याच्या नावे नवस फेडताना जो ‘मलिदा’ करतात, त्यात भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे एका ताटात मांडून त्यावर हिब्रू आशीर्वाद म्हणतात. ताट कोकणातले आहे, आशीर्वाद जेरुसलेमचा आहे, आणि खाणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. मलाही वाटत नाही.

दावीद रहाबी नावाच्या परदेशी यहुदी गृहस्थाने त्यांना ओळखले, तेही ताटावरूनच, असे सांगतात. त्याने निरनिराळे मासे आणून घरातल्या बायकांना रांधायला दिले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. लेवीयाच्या ग्रंथातील कलम त्या बायकांनी वाचलेले नव्हते. ते त्यांच्या हाताला ठाऊक होते. रहाबीने तिघा जणांना शिकवून तयार केले आणि त्यांना काजी हे नामाभिधान मिळाले, अशीही परंपरा आहे. आपल्या मुलखातील धर्माधिकाऱ्याला जो शब्द रूढ होता तोच त्यांनी घेतला.

शेजाऱ्यांविषयी येथे बोलणे अगत्याचे आहे. याच पश्चिम किनाऱ्यावर, गोव्यात, १५३४ मध्ये गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य आला. हिंदुस्थानी वनस्पती आणि औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. वरकरणी तो ख्रिस्ती होता, जन्माने यहुदी. तो १५६८ मध्ये वारला. त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने १५६९ मध्ये जाळले. आणि १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. त्या किनाऱ्यावर उत्तरेला काही मजलांवर शनवार तेली राजरोसपणे घाणा थांबवीत होता आणि गाव त्याला दुसऱ्या दिवशी तेल मागत होते. जगात यहुदी जेथे राहिले त्यांतील पुष्कळ ठिकाणी त्यांच्या इतिहासाची पाने रक्ताने भिजली आहेत. कोकणच्या पानावर तसा डाग शेजाऱ्यांनी पाडला नाही, हे मराठी समाजाच्या हिशेबी जमेस धरावे. त्यांनीही शेजाराची फेड केली. त्यांतील कित्येकांनी आंग्र्यांच्या आरमारात चाकरी केली, पुढे कंपनीच्या पलटणींत नाव काढले. सामाजी हसाजी दिवेकर हा अशाच पलटणीतला अंमलदार. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर, नवस फेडण्यासाठी, त्याने १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, बांधले, अशी त्याची कथा आहे.

मग एकोणिसाव्या शतकात हरवलेला ग्रंथ परत आला, आणि तो कोणाच्या हातून यावा? ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले, शाळा काढल्या. धर्मांतराची आशा मिशनऱ्यांना असणारच. विद्यार्थ्यांनी व्याकरण घेतले आणि आपल्याच करारात ते अधिक खोल उतरले. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. पाणीवेशीच्या चौकात लेवीयांनी जे काम केले, तेच राजपूरकरांनी मुंबईत केले. याच काळात या ज्ञातीत मराठी कीर्तनेही सुरू झाली. आपल्या कीर्तनकारांच्या थाटात, अभंग-साकीच्या चालींवर, अब्राहामाची आणि मोशेची आख्याने रंगू लागली.

आपल्या पुण्याशी संबंधित एक वस्तू मात्र सावकाश पाहण्याजोगी आहे. वल्हांडणाच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून मिसरच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा सांगायची, त्या विधीच्या पुस्तकाला हग्गादा म्हणतात. हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांतील एक हग्गादा मुंबईत १८४६ मध्ये शिळाप्रेसवर छापली गेली. दुसरी, सचित्र, पुण्यात १८७४ मध्ये निघाली. ती पुण्यातल्या विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापली गेली. बेखमीर भाकरी करण्याच्या चित्रात बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत आणि आपल्या स्वयंपाकघरात दिसाव्या तशा कामाला लागल्या आहेत. मिसरमधून निघालेल्या गुलामांच्या घाईघाईच्या भाकरीचा विधी, हिब्रू मजकूर, बाळबोध मराठी अनुवाद, लुगड्यातल्या सुगरणी आणि अग्निहोत्री नावाच्या गृहस्थाचा छापखाना! या ग्रंथाच्या प्रती आज दुर्मिळ आहेत. पुण्याच्या वैभवाची यादी करताना शनिवारवाडा आणि पर्वती यांच्याबरोबर या पुस्तकाचे नाव निघाले पाहिजे, असे मी मानतो. लष्करातील लाल देऊळ हे सिनेगॉग आपल्याला ठाऊक असते, कारण ते उंच आहे. बगदादी यहुदी घराण्यातील डेव्हिड ससून यांनी ते बांधवले. रास्ता पेठेतले बेने इस्राएलांचे सिनेगॉग त्यामानाने लहान, म्हणून नजरेआड राहते.

या चित्राला काळी बाजू नाही असे नाही. ज्ञातीत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. बाहेरच्या स्त्रियांपासून झालेल्या संततीला दुसऱ्या वर्गात ढकलून तिच्याशी रोटीबेटी तोडलेली असे. रूथला विसरून एज्राच्या फर्मानाचा हा कोकणी अवतार होता, आणि त्यात आपल्या जातिव्यवस्थेचाही हात होता, हे आपण कबूल केले पाहिजे. आणि मग नियतीने तेच माप त्यांच्याही पदरात घातले. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्राएल हजारोंनी तिकडे गेले, आणि १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने, यांच्याशी विवाह लावण्यापूर्वी यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे हुकूम काढले. घटस्फोट आणि पुनर्विवाह यांचे नियम हे लोक शास्त्रोक्त पाळीत आले आहेत काय, अशी शंका होती. ज्यांनी ग्रंथाविना, गुरूविना शतकानुशतके शनिवार मोडला नाही, त्यांना दाखला मागण्यात आला! त्यांनी उपोषणे केली, धरणी धरली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत संपूर्ण यहुदी म्हणून मान्यता द्यावी असे जाहीर केल्यावर धर्मपीठाला ते हुकूम मागे घ्यावे लागले.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात, या लोकांच्या रक्तात पश्चिम आशियातील यहुदी आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही वंशांचा अंश असल्याचे दिसून आले. काहींना त्यामुळे हायसे वाटले, काहींना अवघडल्यासारखे झाले. मला विचाराल तर त्या अहवालाने कोकणातल्या आजीबाईंविषयी सांगण्यासारखी मोठी गोष्ट सांगितलीच नाही. नवगावला उतरलेल्या कुळात कोणीतरी स्थानिक मुलगी सून म्हणून आली असेल, सासूने तिला कोणता मासा निवडायचा हे दाखवले असेल, आणि शुक्रवारी संध्याकाळी घाणा का थांबतो हे तिने पुढे आपल्या मुलीला सांगितले असेल. करार रक्तातून वाहत आला असता तर तो सांगावा लागला नसता.

आता एक विनंती. बेने इस्राएलांची बहुतेक कुटुंबे इस्राएलमध्ये आहेत, तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालवले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तोपर्यंत येथे राहिलेले थोडेच होते. कोकणात ज्या गावांत आता एकही यहुदी घर उरलेले नाही, तेथे त्यांची कब्रस्ताने आहेत, त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाड्या आणि आळ्या आहेत. पुण्यातील पेशवे दफ्तरासारख्या संग्रहांत तेल्यांच्या, घाण्यांच्या, पलटणींच्या नोंदी आहेत. मोडी वाचणारी तरुण मंडळी या पंचक्रोशीत आहेत, हे मी ऐकून आहे. त्यांच्यापैकी चौघांनी मिळून कुलाब्याच्या एकेका गावाचे कागद, शिलालेख आणि तोंडी आठवणी हाती घ्याव्यात, कबरीवरची मराठी अक्षरे पावसाने पुसली जाण्यापूर्वी उतरून घ्यावीत, आणि जे मिळेल ते याच व्याख्यानमालेत, पुढील वर्षी, याच गावापुढे वाचावे.